रूलेटचं गणित स्वतःच्या हातानं मांडा: अगदी पहिल्यापासून

रूलेट हा कॅसिनोतला चाक आणि गोटीचा जुगार. त्याच्या पटावर ३७ आकडे असतात, ० ते ३६. समजा तुम्ही प्रत्येक आकड्यावर एक चिप (पैशांऐवजी लावायची चकती) ठेवली. एकही आकडा सोडला नाही, म्हणजे हरण्याची भीतीच नाही. चाक फिरतं, गोटी कुठल्यातरी एका कप्प्यात पडते आणि तुमचा आकडा लागतो. लागणारच होता. त्या आकड्याला ३५ चिप्स मिळतात आणि त्याच्यावर ठेवलेली चिप परत येते. हातात ३६. पण पटावर ठेवल्या होत्या ३७.

ही हरवलेली एक चिप म्हणजे कॅसिनोचं सगळं गणित. मला ती दिसायला फार वेळ लागला, कारण मी चुकीच्या टोकानं सुरुवात केली होती. कधी दुप्पट लावायचं, कधी थांबायचं, कुठला आकडा "तापलाय" आणि कुठला "थंड आहे", असल्या पद्धती मी वाचत बसलो आणि त्यांच्या नोंदींनी दोन वह्या भरल्या. त्या दोन वह्यांत एकदाही मी ३७ आणि ३६ शेजारी शेजारी लिहिले नव्हते. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हा लेख. यात जिंकण्याची युक्ती नाही. कुठलाही खेळ समोर आला तर त्यात आपल्याकडून नेमकं किती घेतलं जातंय हे पाच मिनिटांत काढता यावं, एवढंच यात आहे. गणित शाळेतल्या अपूर्णांकांच्या पुढे जात नाही.

काय लागेल

- वही आणि पेन्सिल. मोबाइलवर वाचून डोक्यात ठेवू म्हणाल तर चौथ्या पायरीला अडकाल.
- साधा कॅल्क्युलेटर. घात काढता येत असेल तर उत्तम.
- स्प्रेडशीट, नवव्या पायरीसाठी.

- ज्या खेळाचं गणित मांडायचंय त्याचा नियमांचा आणि देण्याचा तक्ता. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तक्ता नसेल तर हिशोब होत नाही, आणि ज्या खेळाचा तक्ता दाखवत नाहीत त्याच्याबद्दल तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

१. "एकास ३५" म्हणजे काय ते आधी पक्कं करा

पहिला सापळा शब्दांचा आहे. "एकास ३५" म्हणजे एक चिप लावून जिंकलात तर ३५ नफा, आणि लावलेली चिप वेगळी परत. काही तक्त्यांवर मात्र "एकाचे ३५" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. तिथे त्या ३५ मध्ये तुमची स्वतःची चिप धरलेली असते, म्हणजे नफा ३४. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. फासे आणि पत्त्यांच्या खेळांत "एकास ४" आणि "एकाचे ५" हे एकच देणं असतं, पण ५ हा आकडा डोळ्यांत भरतो म्हणून पटावर तोच छापलेला सापडतो.

दुसरी गल्लत शक्यता आणि देणं यांची. "३७ मध्ये एकदा" ही शक्यता. "एकास ३५" हे देणं. शक्यता चाक ठरवतं, देणं कॅसिनो ठरवतं. न्याय्य खेळात ३७ मध्ये एकदा येणाऱ्या आकड्याला एकास ३६ द्यायला हवेत, कारण ३६ वेळा हरल्यावर एकदा ३६ मिळाले तरच हिशोब शून्यावर येतो. देतात ३५. या दोन आकड्यांतल्या फटीला हाऊस एज म्हणतात.

वहीत दोन रकाने आखा, "किती वेळा येतं" आणि "किती देतात". पुढचं सगळं या दोन रकान्यांत मावतं.

२. पटावरची प्रत्येक पैज ३७ वेळा खेळून बघा

संभाव्यतेची सूत्रं बाजूला ठेवा. कल्पना करा की चाक ३७ वेळा फिरलं आणि प्रत्येक आकडा बरोबर एकदा आला. प्रत्यक्षात तसं होत नाही, पण सरासरी काढायला हे पुरतं. प्रत्येक वेळी एक चिप एकाच जागी लावलीत. आता मोजा.

एक आकडा, एकास ३५: एकदा ३५ मिळाले, ३६ वेळा १ गेली. उणे १.

दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर, एकास १७: दोनदा १७ म्हणजे ३४ मिळाले, ३५ गेले. उणे १.

तीन आकड्यांची ओळ, एकास ११: ३३ मिळाले, ३४ गेले. उणे १.

चार आकड्यांचा कोपरा, एकास ८: ३२ मिळाले, ३३ गेले. उणे १.

सहा आकडे, एकास ५: ३० आणि ३१. उणे १.

डझन किंवा उभा रकाना, १२ आकडे, एकास २: २४ आणि २५. उणे १.

लाल, काळा, सम, विषम, १ ते १८, १९ ते ३६, एकास १: १८ आणि १९. उणे १.

हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा चुकलोय असं वाटून पुन्हा मांडलं. पटावर डझनावारी जागा, रंग, रेघा, कोपरे, आणि प्रत्येक जागी ३७ चिप्समागे नेमकी एकच जाते. १ भागिले ३७ म्हणजे २.७० टक्के. कुठे लावता याने सरासरीला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो चढउताराला. एका आकड्यावर लावलंत तर बराच काळ काहीच नाही आणि मग एकदम ३५. लालवर लावलंत तर थोडं वर, थोडं खाली.

"मग मी दोन डझन लावतो, ३७ पैकी २४ आकडे माझे" असं कोणी म्हणेल. तेही मांडा. दोन चिप्स लावल्या. २४ वेळा एक डझन जिंकतो आणि दुसरा हरतो, म्हणजे अधिक १. बाकी १३ वेळा दोन्ही जातात, म्हणजे उणे २. एकूण २४ वजा २६, उणे २. लावल्या होत्या ७४. २ भागिले ७४ म्हणजे पुन्हा २.७० टक्के. एकाच प्रकारच्या तोट्याच्या दोन पैजा शेजारी ठेवल्या तर तोटा फक्त दुप्पट रकमेवर बसतो.

३. चाकावर किती शून्यं आहेत ते बघा

अमेरिकी चाकावर ० आणि ०० असे दोन हिरवे कप्पे असतात, एकूण ३८. देणं तेच, एकास ३५. आता ३८ फिरवण्यांत उणे २, म्हणजे ५.२६ टक्के. तीन शून्यांची चाकंही आली आहेत, त्यांत ३९ मागे ३, म्हणजे ७.६९ टक्के. एकाचे दोन हिरवे कप्पे झाले की तोटा जवळपास दुप्पट होतो, आणि पटाकडे बघून ते जाणवतही नाही.

अमेरिकी पटावर ०, ००, १, २, ३ या पाच आकड्यांची एक पैज असते, एकास ६. पाच वेळा ६ म्हणजे ३० मिळाले, ३३ गेले. ३८ मागे उणे ३, म्हणजे ७.८९ टक्के. त्या पटावरची ही एकच पैज बाकीच्यांपेक्षा वाईट आहे.

उलट काही एक-शून्य टेबलांवर "ला पार्ताज" हा फ्रेंच नियम असतो. लाल-काळा यांसारख्या समसमान पैजांवर शून्य आलं तर अर्धी रक्कम परत. तिथे ३७ मागे अर्धीच चिप जाते, १.३५ टक्के. हा नियम नियमांच्या कागदावर सापडेल, पटावर नाही.

इतिहासातली एक गोष्ट इथे जोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रांस्वा आणि लुई ब्लां या भावांनी जर्मनीतल्या बाड होम्बुर्गला एकाच शून्याचं चाक आणलं, तेव्हा आजूबाजूच्या कॅसिनोंत दोन शून्यं चालत होती. स्वतःचा वाटा अर्ध्यावर आणून त्यांनी गर्दी खेचली आणि श्रीमंत झाले. कॅसिनोला उणे २ ची गरज नव्हती, उणे १ सुद्धा पुरला.

४. शक्यतांची नुसती बेरीज करू नका

ही चूक हुशार माणसंही करतात. "आकडा ३७ मध्ये एकदा येतो, म्हणून ३७ वेळा खेळलो की एकदा लागणारच." यात आपण १/३७ ला ३७ नं गुणून १ आणलेला असतो. मग ७४ वेळा खेळल्यावर शक्यता २ होईल का? शक्यता १ च्या वर जात नाही, त्याअर्थी रीतच चुकली.

बरोबर रीत उलट्या बाजूनं आहे. आधी "एकदाही न येण्याची" शक्यता काढा. एका फिरवण्यात न येण्याची शक्यता ३६/३७. सलग ३७ वेळा न येण्याची शक्यता म्हणजे ३६/३७ ला स्वतःनंच ३७ वेळा गुणायचं. कॅल्क्युलेटर सांगेल ०.३६३. म्हणजे १०० जणांनी आपापल्या आवडीच्या आकड्यावर ३७ वेळा लावलं तर साधारण ३६ जणांचा आकडा एकदाही लागणार नाही. आपला आकडा रुसलाय असं त्या ३६ जणांना वाटेल, पण तसं काही झालेलं नसतं.

संभाव्यतेचं शास्त्र याच प्रकारच्या गोंधळातून उभं राहिलं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे या जुगाराच्या शौकीन गृहस्थांनी गणितज्ञ पास्कालपुढे प्रश्न ठेवले आणि १६५४ मध्ये पास्काल आणि दुसरे गणितज्ञ फेर्मा यांच्यात त्यावर पत्रव्यवहार झाला. त्यांतला फाशांचा प्रश्न आपल्या रीतीनं सोडवून बघा. एक फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा येण्याची शक्यता किती? न येण्याची ५/६ चार वेळा गुणून ०.४८२, म्हणून येण्याची ५१.८ टक्के. दोन फासे चोवीस वेळा टाकले तर एकदा तरी दोन सहा येण्याची? ३५/३६ चोवीस वेळा गुणून ०.५०९, म्हणून येण्याची ४९.१ टक्के. ४ ला ६ शी जे प्रमाण तेच २४ ला ३६ शी, म्हणून दोन्ही सारखंच असणार असं वरवर वाटतं. पण समसमान देण्यावर एक पैज फायद्याची आहे आणि दुसरी तोट्याची. फासे जवळ असतील तर हे हातानं टाकून पडताळण्याच्या भानगडीत पडू नका, एवढा बारीक फरक दिसायला हजारो वेळा टाकावे लागतील. स्प्रेडशीट त्यासाठीच आहे.

५. चाकाला काही आठवत नाही

१८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मोनॅकोतल्या मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत एका टेबलावर सलग २६ वेळा काळा आला. दहा-पंधरा वेळा काळा आल्यानंतर लोक लालवर तुटून पडले, कारण "आता लाल यायलाच हवा". काळा येतच राहिला आणि मोठ्या रकमा गेल्या.

सलग २६ काळे येण्याची शक्यता आधीपासून मोजली तर साधारण १३ कोटी ६८ लाखांत एक. लोकांच्या डोक्यात हाच आकडा असतो आणि तो बरोबरही आहे. चूक होते ती पुढच्या पावलाला. २५ वेळा काळा येऊन गेलेला आहे. ते घडलं, संपलं. आता प्रश्न फक्त सव्विसाव्या वेळेचा, आणि त्या वेळी काळे कप्पे १८ च आहेत, लाल १८ च, हिरवा १ च. गोटी कुठल्याही कप्प्यात पडताना मागचे २५ निकाल कुठे नोंदलेले असतात? चाकात नाही, गोटीत नाही. नोंद आहे ती फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात आणि टेबलाशेजारच्या फलकावर. तो फलक कॅसिनो स्वतःच्या खर्चानं लावतं, यावर जरा विचार करा.

"पण शेवटी लाल-काळा सारखेच होतात ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण मोठ्या संख्यांचा नियम (निकाल वाढत गेले की टक्केवारी अपेक्षित प्रमाणाजवळ जाते) खरा आहे. तो कसा खरा आहे ते बघा. शून्य क्षणभर विसरू. पहिले दहाही निकाल काळे आले, म्हणजे काळा १०० टक्के. पुढच्या हजार निकालांत चाकानं कुठलीही भरपाई केली नाही, ५०० काळे आणि ५०० लाल आले. आता एकूण काळे १०१० पैकी ५१०, म्हणजे ५०.५ टक्के. टक्केवारी ५० जवळ आली, पण काळ्याची १० ची आघाडी जशीच्या तशी आहे. जुनं असंतुलन फिटत नाही, नव्या निकालांच्या ढिगात ते किरकोळ होऊन जातं. ही दहा आणि हजारची बेरीज वहीत करून बघा. माझ्या डोक्यातली गाठ तिथे सुटली.

एक अपवाद नोंदवतो. चाकच वाकडं असेल तर मागचे निकाल काही सांगू शकतात. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जॅगर या इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या, कापड व्यवसायातल्या माणसानं मॉन्टे कार्लोत आकडे टिपायला माणसं बसवली, एक सदोष चाक शोधलं आणि मोठी रक्कम जिंकली. आणि १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी अंगावर लपवता येणारा छोटा संगणक बनवून गोटीच्या वेगावरून ती चाकाच्या कुठल्या भागात पडेल याचा अंदाज बांधला होता. अशा यंत्रांवर अमेरिकेच्या नेवाडा राज्यात १९८५ पासून कायद्यानं बंदी आहे. दोन्ही उदाहरणं चाकाच्या भौतिकशास्त्राची आहेत. "पाच वेळा काळा आला, आता लाल" याच्याशी त्यांचा संबंध नाही.

६. दुप्पट लावण्याची पद्धत शेवटपर्यंत लिहून काढा

मार्टिंगेल. लालवर १ लावा. हरलात तर २, मग ४, मग ८. कधीतरी लाल येईलच, आणि आला की आधीचं सगळं भरून निघून १ चिप नफा. ऐकायला यात खोट दिसत नाही. अमर्याद पैसे, अमर्याद वेळ आणि मर्यादा नसलेलं टेबल असतं तर खोट नव्हतीही.

टेबलावर कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त २०० लावता येतं असं धरा. तुमचे आकडे: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. नववा आकडा २५६, तो लावू देणार नाहीत. आठही हरलात तर एकूण २५५ गेले. सलग आठ वेळा हरण्याची शक्यता १९/३७ ला आठ वेळा गुणून ०.००४८, म्हणजे साधारण २०७ मध्ये एक.

आता मांडा. २०७ फेऱ्यांपैकी २०६ फेऱ्यांत १ चिप मिळाली: अधिक २०६. एका फेरीत २५५ गेल्या. एकूण उणे ४९. आणि या फेऱ्यांत सरासरी जेवढी रक्कम पटावर लागते तिच्याशी हे उणे ४९ ताडून बघितले तर पुन्हा तेच २.७० टक्के.

मग इतके लोक शपथेवर का सांगतात की ही पद्धत चालते? कारण त्यांच्यापुरती ती चाललेली असते. १०० फेऱ्या खेळणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ६२ जणांना ती सलग आठ हारींची फेरी भेटतच नाही. ते प्रत्येकी १०० चिप्स घेऊन उठतात आणि खरंच जिंकलेले असतात. उरलेल्या ३८ जणांचं नुकसान या सगळ्यांच्या नफ्यापेक्षा मोठं असतं, पण ते आपली पद्धत सांगत फिरत नाहीत. एखाद्या पद्धतीची खात्री कुणाच्या अनुभवावरून करू नका. ती वाईटात वाईट फेरीपर्यंत लिहून काढा.

हरल्यावर हळूहळू वाढवणाऱ्या, जिंकल्यावर वाढवणाऱ्या, फिबोनाचीच्या (मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत जाणाऱ्या) आकड्यांनी चालणाऱ्या पद्धतींनाही हेच लागू आहे. प्रत्येक पैज उणे असेल तर त्या कुठल्याही क्रमानं, कुठल्याही आकारात लावल्या तरी बेरीज उणेच येते. पद्धत फक्त नुकसानाचा आकार बदलते, बारीक बारीक जखमा किंवा एकच मोठा घाव.

७. खिशातले पैसे मोजू नका, पटावरून फिरलेले मोजा

हा सापळा मला मार्टिंगेलपेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण इथे कोणी खोटं बोलत नाही. "फक्त २.७ टक्के" ऐकून माणूस म्हणतो, १०० चिप्स घेऊन जातो, फार तर तीन जातील.

तीन चिप्स जातील, १०० चिप्स एकदाच लावून उठलात तर. प्रत्यक्षात काय होतं? तासाला ६० वेळा चाक फिरलं, प्रत्येक वेळी ५ चिप्स लावल्या, चार तास बसलात. २४० गुणिले ५ म्हणजे १,२०० चिप्स पटावरून गेल्या. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या म्हणून खिशात १०० च असूनही १,२०० फिरल्या. १,२०० चे २.७ टक्के म्हणजे ३२. सरासरीनं एक तृतीयांश खिसा रिकामा.

स्लॉट मशीनवर (बटण दाबून चित्रांची चक्रं फिरवायचं जुगाराचं यंत्र) हे आणखी वेगानं होतं. "९६ टक्के परत" असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण प्रत्येक फिरवणीपुरतं. १०० चिप्स एकदा पूर्ण फिरवल्या की सरासरी ९६ उरतात, त्या फिरवल्या की ९२, आणि असं करत सतराव्या वेळेला ५०. मिनिटाला दहा वेळा बटण दाबलं जातं तिथे सगळ्या चिप्स सतरा वेळा फिरायला फार उशीर लागत नाही.

म्हणून वहीत एक सूत्र मोठ्या अक्षरात लिहा: अपेक्षित तोटा = एका वेळची रक्कम × तासाला किती वेळा × किती तास × हाऊस एज. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या हातात असतात.

याच्याच पोटात एक विचित्र निकाल आहे. तुमच्याकडे १०० चिप्स आहेत आणि ठरवलंत की २०० होईपर्यंत किंवा सगळ्या संपेपर्यंत लालवर खेळायचं. एकदम १०० लावल्या तर यश ४८.६ टक्के. दहा-दहा लावल्या तर साधारण ३७ टक्के. एक-एक लावली तर अर्धा टक्कासुद्धा नाही, २२४ मध्ये एक. "जपून, थोडं थोडं खेळतो" म्हणणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, पण त्या उणे एकाखाली तो हजारो वेळा जातो. हे वाचून सगळं एकदम लावा असा अर्थ कृपया काढू नका. तिथेही हरण्याचीच शक्यता जास्त आहे.

८. बाकीच्या खेळांत कुठे बघायचं

ब्लॅकजॅक. २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ. इथे तुमच्या निर्णयानं फरक पडतो. प्रत्येक हाताला गणितानं ठरलेली सर्वांत बरी चाल असते. ती पाठ करून खेळलं तर चांगल्या नियमांच्या टेबलावर हाऊस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मनाला येईल तसं खेळणाऱ्याला यापेक्षा कितीतरी जास्त द्यावं लागतं. कॅसिनोचा फायदा येतो तो क्रमातून. आधी तुम्ही पानं घेता, २१ च्या वर गेलात तर तिथेच हरता, मग डीलरही २१ च्या वर गेला तरी तुमचे पैसे परत येत नाहीत.

टेबलावर छापलेलं एक वाक्य आधी वाचा, ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर) ३ ला २ देतात की ६ ला ५. दहा चिप्सवर एक १५ देतं, दुसरं १२. पहिल्या दोन पानांत ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो. २१ हातांत २१० चिप्स लावल्या, ३ कमी मिळाल्या, म्हणजे जवळपास १.४ टक्के. पाठ केलेल्या चालींनी तोटा जिथवर खाली आणलात, त्याच्या तिप्पट-चौपटीवर तो एका छापील ओळीनं पुन्हा जातो. आणि डीलरचा एक्का दिसला की विचारतात तो "इन्शुरन्स" घेऊ नका. त्याला एकास २ मिळतात, पण ती डीलरला ब्लॅकजॅक आलाय अशी वेगळीच पैज आहे आणि बऱ्याच पत्त्यांच्या जोडांनी खेळताना तिच्यावर सातेक टक्के जातात.

बकारा. पत्त्यांचा खेळ, त्यात "बँकर" आणि "प्लेयर" या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल किंवा बरोबरी होईल यावर लावायचं. निर्णय घ्यायचाच नसतो. बँकरवर (५ टक्के कमिशन धरून) १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४, आणि बरोबरीवर एकास ८ देतात तिथे १४.४ टक्के. तीन जागा एकाच पटावर शेजारी शेजारी.

क्रॅप्स. दोन फाशांच्या ३६ जोड्या वहीत चौकोनात लिहा, एका बाजूला पहिला फासा, दुसऱ्या बाजूला दुसरा. सातची बेरीज सहा ठिकाणी दिसेल, तिरक्या रेषेत. "पास लाइन" या मुख्य पैजेवर १.४१ टक्के जातात. पण पटाच्या मध्यभागी "कुठलाही सात" अशी पैज असते, एकास ४. सहा वेळा ४ म्हणजे २४ मिळाले, ३० गेले. ३६ मागे उणे ६, म्हणजे १६.७ टक्के. एकाच टेबलावर, हातभर अंतरात, बारापट फरक.

स्लॉट. इथे वही हात टेकते. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांवरून शक्यता काढता येत नाही. इंगे टेल्नेस यांनी १९८४ मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीपासून चक्राच्या एका दिसणाऱ्या जागेमागे कितीही यादृच्छिक अंक जोडता येतात. मोठ्या बक्षिसाचं चित्र चक्रावर एकदा दिसत असलं आणि शेजारची रिकामी जागाही एकदाच दिसत असली तरी त्या दोन्ही येण्याची शक्यता सारखी नसते. "अगदी एका घरानं हुकलं" असं वारंवार का वाटतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

९. स्प्रेडशीटवर स्वतः चाक फिरवा

पहिल्या रकान्यात "रँडबिटवीन" हे सूत्र घाला, कंसात ० आणि ३६. दुसऱ्या रकान्यात अट: आकडा १ ते १८ मध्ये असेल तर अधिक १, नाहीतर उणे १. तिसऱ्यात चालू बेरीज. हे दहा हजार ओळींपर्यंत ओढा आणि तिसऱ्या रकान्याचा रेषालेख काढा. पत्रक पुन्हा मोजायला लावलं की दर वेळी नवी रेषा येईल. एकदोन रेषा बघून थांबू नका, निदान तीस बघा.

पहिल्या शंभरात काहीही होतं. १०० फिरवण्यांनंतर १०० पैकी साधारण ३६ रेषा शून्याच्या वर असतात, आणि हे ३६ जण पुन्हा यावेत एवढा आनंद त्यांना मिळतो. १,००० नंतर वर उरतात १९. १०,००० नंतर हजार रेषांतल्या तीनच. सरासरी तोटा तोवर २७० वर गेलेला असतो आणि चढउताराचा पल्ला जेमतेम १०० चा. मी रेषा एकावर एक टाकल्या तेव्हा सुरुवातीला चारी दिशांना फाकलेला झुबका दिसला, आणि उजवीकडे जाता जाता तो पूर्णच्या पूर्ण खाली कलला. कॅसिनो त्या उजव्या टोकाला बसलेलं असतं, कारण एकाच रात्रीत त्याच्या सगळ्या टेबलांवर मिळून दहा हजार पैजा सहज होतात. खेळणारा डाव्या टोकाला असतो.

१०. आता एक तुम्ही करा

सिक बो या खेळात तीन फासे असतात. "कुठलंही तिकडं", म्हणजे तिन्ही फाशांवर एकच अंक, याला काही टेबलांवर एकास ३० देतात. तीन फाशांच्या एकूण जोडण्या २१६, त्यांत तिकडी सहा, म्हणजे ३६ मध्ये एकदा. वहीतल्या दोन रकान्यांत भरा आणि पुढचं वाचायच्या आधी टक्केवारी काढा.

एकदा ३० मिळाले, ३५ गेले, ३६ मागे उणे ५: १३.९ टक्के. तुमचंही हेच आलं असेल तर त्याच पटावर एका ठराविक अंकाच्या तिकड्याची पैजही असते. तिचं देणं टेबलागणिक बदलतं, काही ठिकाणी एकास १५०, काही ठिकाणी १८०. ती २१६ मध्ये एकदाच लागते. दोन्ही देण्यांची टक्केवारी काढा: पहिलीत तीस टक्क्यांच्या वर यायला हवी, दुसरीत सोळाच्या आसपास.